काळ्या दस्त्यावरचं कुंकू

अण्णांनी काजळीची डबी उघडली आणि मला हसू आलं.

"अण्णा, दस्ता काळा आहे," मी म्हणालो. "काळ्यावर काजळी लावून काय दिसणार?"

डबीत बुडवलेलं त्यांचं बोट तसंच थांबलं. मग त्यांनी ते सावकाश लोखंडी चौकटीच्या कडेवरून फिरवलं, जसं गेली चाळीस वर्षं फिरवत होते तसं.

"तेल हाय तिच्यात," ते म्हणाले. "उजेडाला धरलं की चमकतंय. मला कळतंय."

"मला तर काही दिसत नाही."

"तुला कधी दिसलंय?" अण्णा म्हणाले, आणि दस्ता त्यांनी बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळला.

बोलणं तेवढ्यावर संपलं. म्हातारा हट्टी आहे, असं मी मनाशी म्हटलं आणि चहा सांगायला बाहेर पडलो. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. त्या वेळी मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि जगातलं सगळं मला कळत होतं.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत आमचं बंदुकांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. परवाना अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर, ज्ञानदेव सुतार. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत, आणि शेताला रानडुकरांचा उपद्रव. त्यामुळे बंदुका पुष्कळ आणि दुरुस्तीही पुष्कळ. पण अण्णांचं नाव होतं ते दस्त्यासाठी. बंदुकीचं लोखंड ज्यात बसतं आणि जो खांद्याला लागतो, तो लाकडी दस्ता. शिसवाचा किंवा अक्रोडाचा ठोकळा घ्यायचा आणि लोखंड त्यात असं बसवायचं की मधून कागद जाता कामा नये. त्यासाठी ती काजळी. दिव्याची काजळी गोडेतेलात कालवायची, लोखंडाला लावायची, लोखंड लाकडात दाबायचं आणि उचलायचं. लाकडाला जिथं काळं लागलं तिथं अडतंय. तेवढंच पटाशीनं खरवडायचं. परत लावायचं, परत दाबायचं. एका दस्त्याला हे दोन-तीनशे वेळा चाले.

आणि एक नियम होता. काढलेलं परत घालायचं नाही. जास्त खरवडलं गेलं तर दुसरे लोक भुसा आणि सरस कालवून भर घालतात, वरून पॉलिश मारतात, गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. आमच्या दुकानात तसं झालं तर तो दस्ता चुलीत जायचा. "भर घाटल्याली हाय हे बंदुकीला कळतंय," असं अण्णा म्हणत. लहानपणी मला वाटायचं, बंदुकीला खरंच कळतं.

मी हे सगळं सोडून पुण्याला गेलो होतो. भोसरीला एका कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर तीन वर्षं काढली. तिथं माझ्या 'हाय'चं 'आहे' झालं आणि अंगात थोडा शहाणपणा शिरला, म्हणजे मला तसं वाटत होतं. मग आईचा फोन आला की घरी ये, अण्णा आता थकलेत. मी आलो. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात दुकान सुधारायला घेतलं. नवी विटी, नवं राज्य. भिंतीला फळी मारून त्यावर हत्यारं मापाप्रमाणे टांगली. अण्णा दुपारी जेवून आले, पटाशीला हात घातला, तर ती जागेवर नव्हती. माझ्या आठवणीत अण्णा तेवढे कधी चिडले नव्हते. सगळी हत्यारं त्यांनी फळीवरून काढायला लावली आणि पुन्हा होती तशी बाकावर मांडून घेतली, कानस कानशीच्या जागी, पटाशी पटाशीच्या जागी. मी आईला म्हणालो, "म्हाताऱ्याला नवं काही सोसत नाही." आई भाकरी थापत राहिली.

तेव्हा आणखीही काही दिसत होतं. बंदुकीच्या नळीतून बघायचं काम अण्णांनी माझ्याकडे दिलं होतं. नोंदवही मी लिहायची, वाचूनही मीच दाखवायची. चहा ओतताना ते कपाच्या काठावर बोट ठेवत. हे सगळं मी आठ महिने रोज बघत होतो. बघत होतो, एवढंच.

त्या काळ्या दस्त्याच्या आठवड्यात, मंगळवारी सुभेदार चौगले आले. बळवंत चौगले, अण्णांचे शाळेपासूनचे दोस्त, पलटणीतून सुटल्यावर गावाकडे ऊस करणारे. बरोबर त्यांची मुलगी केतकी. केतकी तीनशे मीटरच्या नेमबाजीत खेळायची. तिच्या रायफलीचा दस्ता अण्णांनीच पाच वर्षांपूर्वी केला होता, तिच्या गालाचं आणि खांद्याचं माप घेऊन. आता तिनं बाहेरून नवा दस्ता मागवला होता. कार्बन फायबरचा, काळाभोर, उन्हापावसात न वाकणारा. त्याच्यासोबत एका डब्यात खालची लोखंडी चौकट आणि काढ-घाल करता येणारं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी. जुन्या रायफलीत प्रत्येक गोळी वरून हातानं भरावी लागे, आणि वेळ लावून खेळायच्या फेरीत तिचे सेकंद जात. मॅगझिन आलं की तो प्रश्न मिटणार होता. अडचण एवढीच की त्या दस्त्यात या चौकटीची खाच नव्हती. ती कोरून चौकट नेमकी बसवायची होती. सोमवारी पुण्याला राज्य स्पर्धा होती.

मी तो दस्ता हातात घेतला आणि माझा जीव त्यावर जडला. असं काम आमच्या दुकानात यापूर्वी कधी आलंच नव्हतं.

"हे माझ्याकडे द्या," मी म्हणालो. "फायबर मला माहीत आहे. पुण्यात याच्यावर काम केलंय. अण्णांचं लाकूड वेगळं."

अण्णा स्टुलावर बसले होते. त्यांनी हात पुढं केला. मी दस्ता दिला. तो मांडीवर आडवा घेऊन त्यांनी त्याच्यावरून पंजा फिरवला, टोकापासून टोकापर्यंत, मग परत. गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"थंड हाय," ते म्हणाले.

"अण्णा, जमंल नव्हं?" सुभेदारांनी विचारलं. ते अण्णांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, असं मला आता आठवतं.

"जमंल की. मीच करतो."

"अण्णा, मी..."

"निवास," अण्णा म्हणाले, "एवढं एक काम मला करू दे. तू शेजारी बस. ह्याच्यानंतरचं समदं तुझं."

केतकीनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. पण आतून मी धुमसत होतो. सरळ सांगायचं तर ते काम मला हवं होतं. पंचक्रोशीत बोललं गेलं असतं की निवास सुतारनं परदेशी दस्त्यात मॅगझिन बसवलं. आणि अण्णांना तेच एक काम का हवं होतं, हे विचारावं असं मला वाटलंसुद्धा नाही.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. अण्णा सकाळी माझ्याआधी दुकानात. काजळी लावायची, चौकट दाबायची, उचलायची, दस्ता दाराकडच्या उजेडाला धरायचा, चेहऱ्याजवळ न्यायचा, मग अंगठा आत घालून खाचेच्या कडेकडेनं फिरवायचा. अंगठा कुठंतरी थांबायचा. तिथं पटाशी टेकायची आणि केसाएवढं काढायचं. फायबरची काळी भुकटी त्यांच्या धोतरावर पडायची. मला सांगितलं होतं 'शेजारी बस', म्हणून मी बसायचो. पण बसायचो मोबाइल घेऊन.

"निवास, हितं बोट घाल," ते मधूनच म्हणायचे. "हितं कसं लागतंय बघ. आता ह्या बाजूला. फरक कळतोय?"

"हो, कळतोय," मी म्हणायचो. मला कळत नव्हता.

"डोळ्याला दिसतंय ते वरचं असतंय. खालचं हाताला इचारायचं."

"बरं."

कबूल करायला हवं, काम देखणं होत होतं. गुरुवारी संध्याकाळी चौकट निम्मी बसली. शुक्रवारी दुपारी ती पूर्ण आत गेली, कडेला नख शिरणार नाही अशी. अण्णांनी मॅगझिन खालून घातलं. खट्ट असा आवाज आला. ते हसले. फार दिवसांनी मी त्यांना तसं हसताना बघत होतो.

"आता पडतंय का बघू," ते म्हणाले.

मॅगझिनची खरी परीक्षा आत जाण्यात नाही, पडण्यात. रिकामी रायफल हातात धरायची, मॅगझिन सोडायचा खटका दाबायचा, आणि मॅगझिन आपल्या वजनानं तळहातात पडलं पाहिजे. ओढावं लागलं तर चौकट कुठंतरी केसाएवढी कललेली असते. अण्णांनी तळहात खाली धरला आणि खटका दाबला. मॅगझिन पडलं नाही. अर्धं उतरून अडकलं.

"उद्या," अण्णा म्हणाले. "थोडंच ऱ्हायलंय. उद्या."

शनिवारी दहाच्या सुमारास सुभेदार आणि केतकी आले. दुपारच्या गाडीनं त्यांना पुण्याला निघायचं होतं. अण्णा सकाळपासून त्या शेवटच्या केसामागे होते. अंगठा आत फिरत होता.

"डावीकडं हाय," अण्णा म्हणाले. "मागच्या कोपऱ्यात, खाली. तिथनं कलतंय."

मी वाकून बघितलं. दाराच्या उजेडात मला खाचेची उजवी कड घासलेली दिसत होती. स्पष्ट. आठ महिने तोंड दाबून बसलो होतो, त्यात समोर केतकी उभी.

"अण्णा, उजवीकडे आहे," मी म्हणालो. "घासलेलं मला दिसतंय."

"वरनं दिसतंय तसं. डावीकडं हाय."

"गाडी दोनची आहे," सुभेदार हळूच म्हणाले. "काय घाई न्हाई म्हना. करू दे अण्णांना."

"घाई कशी नाही?" मी म्हणालो. "हातच्या काकणाला आरसा कशाला? आत्ता बघू."

कोपऱ्यात दत्ताच्या तसबिरीसमोर आईनं ठेवलेली कुंकवाची कोयरी होती. मी तेलाचे दोन थेंब टाकून कुंकू कालवलं, बोटानं चौकटीला सगळीकडून लावलं, खाचेत दाबलं, उचललं. काळ्या दस्त्यावर लाल रंग असा उठला की दुकानाबाहेरच्यालाही दिसावा. उजवी कड वरपासून खालपर्यंत लाल. डावी बाजू कोरडी.

मी दस्ता व्हाइसमधून सोडवून अण्णांच्या समोर धरला.

"आता सांगा. कुठं लागलंय?"

अण्णांनी हात पुढं केला.

"हात नको. पुसलं जाईल," मी म्हणालो. "नुसतं बघून सांगा."

हे वाक्य मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही. त्यातला सूरसुद्धा मला आठवतो, भोसरीला आमचा सुपरवायझर नव्या पोरांशी बोलायचा तोच.

अण्णांचा हात हवेत राहिला, मग मांडीवर आला. त्यांनी मान पुढं काढली. दस्ता त्यांच्या नाकापासून वीतभर होता. त्यांची नजर दस्त्यावर नव्हती. ती जरा बाजूला, माझ्या मनगटापाशी कुठंतरी होती, आणि तिथंच शोधत होती. रस्त्यावरून कुणीतरी भाजीची गाडी ढकलत ओरडत गेलं. 

"डावीकडं," अण्णा म्हणाले.

मला कळलं. तिथं, त्या वेळी, सगळं एकदम कळलं. टांगलेली हत्यारं, कपाच्या काठावरचं बोट, काळ्यावर लावलेली काजळी. तीन दिवस हा माणूस काजळी केवळ सवयीनं, किंवा माझ्यासाठी लावत होता.

"व्हय, डावीकडंच हाय की," सुभेदार म्हणाले. आवाज अगदी साधा, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. त्यांनी लाल कड बघितली होती. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत विनवणी होती. पलटणीत तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या नजरेत मी विनवणी बघत होतो.

"डावीकडंच आहे, अण्णा," केतकी म्हणाली. 

आता माझी पाळी होती. एक 'हो' म्हणायचं होतं. हो अण्णा, डावीकडं. एवढंच. मग दस्ता व्हाइसमध्ये लावून मी गुपचूप काय करायचं ते केलं असतं, आणि अण्णा शेजारी बसून राहिले असते.

"काय सांगताय सगळे?" मी म्हणालो. "डावीकडे कोरडं आहे. उजवी बाजू सगळी लाल आहे. अण्णा, तुम्हाला लाल दिसत नाही?"

का म्हणालो? पुष्कळांनी पुढं समजूत काढली की राग आला असेल, धक्का बसला असेल. तसं काही नव्हतं. मी बरोबर होतो म्हणून म्हणालो. बरोबर असण्याची चटक वाईट.

अण्णांनी मांडीवरची पटाशी उचलली. तिची धार अंगठ्यानं चाचपली, फडक्यानं पुसली आणि बाकावर तिच्या जागी ठेवली. मग ती पुन्हा उचलली आणि माझ्या बाजूला सरकवली.

"तू कर," ते म्हणाले.

ते उठले. सुभेदार चटकन पुढं झाले आणि त्यांनी अण्णांचा दंड धरला. अण्णांनी तो सोडवला नाही. तेव्हा मला कळलं की सुभेदारांनी तो दंड आधीही धरलेला आहे, रस्ते ओलांडताना, पायऱ्या चढताना, आणि मला न सांगता. पायरीपाशी सुभेदार हळूच म्हणाले, "पायरी," आणि अण्णांनी पाय खाली टाकला. दोघं पेठेतून घराकडे निघून गेले.

केतकी तिथंच उभी होती.

"तुम्हाला म्हाईत नव्हतं?" तिनं विचारलं.

मी वळून दस्ता व्हाइसमध्ये लावला. माणसाला लाज वाटली की तो कामाला लागतो. उजव्या कडेचं लाल होतं तेवढं मी खरवडलं. सरळ, स्वच्छ, पुण्याला शिकलो होतो तसं. चौकट घातली, मॅगझिन घातलं, खटका दाबला. पडलं नाही. पुन्हा कुंकू, पुन्हा उजवीकडे लाल. पुन्हा खरवडलं. तिसऱ्यांदा चौकट घातली तेव्हा ती हातात डुलली. दात हलतो तशी.

मग मी कुंकू परत लावलं आणि या वेळी चौकट पुढच्या टोकाला धरली. आधी दोन्ही वेळा मी ती मागच्या डाव्या कोपऱ्यात धरून दाबत होतो, आणि माझ्याच अंगठ्यानं तिथलं कुंकू पुसलं जात होतं. उचलून बघितलं. डावीकडे, मागच्या कोपऱ्यात, खाली, मोहरीएवढा एक लाल ठिपका. तिथं फायबरचा एक उंचवटा होता. तो चौकटीला उजवीकडे रेटत होता, म्हणून उजवी कड लाल होत होती. तो मोहरीएवढा उंचवटा काढला असता तर मॅगझिन पडलं असतं.

अण्णांना विचारलं होतं कुठं लाल दिसतंय. त्यांनी सांगितलं होतं कुठं अडतंय. त्यांचा अंगठा खोटं बोलला नव्हता.

मी उंचवटा काढला, पण आता काय उपयोग. उजवीकडे खिंडार पडलं होतं. कपाटात रेझिनचे, म्हणजे कालवलं की दगडासारख्या घट्ट होणाऱ्या सरसाचे, दोन डबे होते, पुण्याहून मीच आणलेले. दोन्ही कालवले आणि बोटानं खिंडारात भरले. आमच्या दुकानात, अण्णांच्या बाकावर बसून, मी भर घातली. सुकायला एक दिवस लागणार होता आणि गाडी दोनची होती.

सुभेदार परत आले, त्यांनी दस्ता बघितला.

"जुना लाकडीच चढव," ते म्हणाले. "ती त्याच्यावरच खेळंल. आन् अण्णांना सांगू नगंस. इचारलं तर नव्यावरच खेळली म्हनायचं."

"काका, किती दिवस झाले?"

"दोन वर्सं. काचबिंदू. मिरजेला मीच घेऊन गेलतो. डाक्टर म्हनले, गेलेली नजर परत येत न्हाई, ऱ्हायल्याली टिकली तर टिकली." ते जुन्या दस्त्याचे स्क्रू माझ्या हातात एकेक देत होते. "तुला सांगू दिलं न्हाई त्यांनी. म्हनले, पोरगं दयेनं यील. कंटाळून आलं तरी चालंल, पर दयेनं नगं."

"मग हे काम का घेतलं?"

"तुझ्यासंगं एक काम करायचं म्हनत होते. हातानं कसं बघत्यात ते तुला दावायचं, मग पटाशी तुझ्या हातात द्यायची, आन् मग सांगायचं डोळ्याचं. शनवारी सांगतो म्हनले होते."

तो शनिवारच होता.

केतकी सोमवारी जुन्या दस्त्यावर खेळली, एकेक गोळी हातानं भरत. सातवी आली. पहिल्या सहात आली असती तर पुढं निवड होती. तिनं मला कधी बोल लावला नाही, आणि तिच्या न बोलण्याचं ओझं माझ्यावर आहे ते आहेच.

अण्णा त्यानंतर सहा वर्षं होते. दुकानाची पायरी त्यांनी एकदाही चढली नाही. गिऱ्हाइकं घरी भेटायला यायची, त्यांच्याशी गप्पा मारायचे, हसायचे. माझ्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचे, "बेस करतोय." मी रोज ठरवायचो की आज सांगू, अण्णा, तुमचं बरोबर होतं, मी उजवीकडे खरवडलं आणि भर घातली. रोज उद्यावर गेलं. मग उद्या संपले.

पण त्या शनिवारी संध्याकाळी मी घरी गेलो, ते सांगायचं राहिलं.

ऊन उतरलं होतं. आई दारात तांदूळ निवडत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे सुजलेले होते. अण्णा सोप्यात जाजमावर भिंतीला टेकून बसले होते. माझं पाऊल ओळखून त्यांनी मान वर केली. आता त्यांना माझ्या तोंडाकडे बघायचं सोंग करावं लागत नव्हतं, म्हणून ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मॅगझिन पडतंय? आपसूक?"

"हो."

"डावीकडनंच काढलंस न्हवं?"

"हो, अण्णा," मी म्हणालो. सकाळी म्हणायचा तो 'हो' मी संध्याकाळी म्हणालो.

"मला वाटलंच." त्यांचा चेहरा सैल झाला. "केतकी खूश झाली आसंल."

"झाली."

"बस हितं."

मी बसलो. त्यांनी हात पुढं केला, मी माझा हात त्यात दिला. लहानपणी दुकानातून आलो की ते असाच माझा हात घ्यायचे, कुठं कापलंय का, काटा लागलाय का बघायला. त्यांचा अंगठा माझ्या तळहातावरून फिरला. करंगळीवर आला, मग तिच्या शेजारच्या बोटावर, मधल्या बोटावर. मग तर्जनीवर आला आणि थांबला.

तिथं रेझिन होतं. घाईत मी हात नीट धुतले नव्हते. बोटाच्या पेरावर ते अर्धवट वाळून घट्ट झालं होतं.

अण्णांचा अंगठा त्या पेरावर राहिला. मग फिरला, एकदा, दोनदा, कडेकडेनं, खाचेत फिरायचा तसा. मी हात ओढला नाही. त्यांचा चेहरा भिंतीकडेच होता.

"अगं," त्यांनी आईला हाक मारली. "रॉकेलची बाटली आन, एक फडकं बी. पान्यानं निघायचं न्हाई हे."

आईनं बाटली आणून दिली. अण्णांनी फडकं चाचपून भिजवलं, माझं बोट आपल्या बोटांत धरलं आणि पुसायला लागले.

"आता जेव," पुसून झाल्यावर ते म्हणाले. "सकाळपास्नं उपाशी आसशील."